संध्याकाळचं वजन

४ फेब्रुवारी

दादा आला एकदाचा. एक बॅग, गोळ्यांचा डबा, स्वतःचा स्टीलचा तांब्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला आईचा फोटो. एवढाच संसार.

केसांच्या रंगाची कंपनी दरवर्षी ही डायरी फुकट देते आणि दरवर्षी ती रद्दीत जाते. यंदा म्हटलं लिहावं. आक्काशी बोलायला जावं तर ती "मी सांगितलं नव्हतं?" म्हणणार, यांच्याशी बोलावं तर हे बातम्यांचा आवाज वाढवणार. कागद बिचारा उलटून बोलत नाही.

आई जाऊन दोन महिने झाले. इतकी वर्षं दादाचं सगळं तीच बघायची, गोळ्यांपासून नखं कापण्यापर्यंत. स्किझोफ्रेनिया हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही; आई "दादाचं ते" म्हणायची, आणि पाहुणे आले की दादा मागच्या खोलीत "झोपलेला" असायचा. आई गेल्यावर आक्काने लगेच एक संस्था शोधून काढली. मोठं गेट, बाग, देखरेखीला माणसं. मी म्हटलं, दोन बहिणी धडधाकट असताना भावाला गेटाआड ठेवायचं? ती म्हणाली, "तुझं पार्लर घरातच. दिवसभर बायकांची ये-जा. तुला झेपणार आहे का?" म्हटलं, बघच तू. मग असं ठरलं की उन्हाळा संपेपर्यंत तो माझ्याकडे. नाही जमलं तर आक्का येऊन त्याला संस्थेत नेणार.

नेऊ तर दे. मीही आईचीच मुलगी आहे.

सकाळी पार्लरच्या काट्यावर उभा केला त्याला. स्लिमिंगच्या बायकांसाठी घेतलेला काटा, पॉइंटसुद्धा दाखवतो. एक्कावन्न किलो! एवढा उंच माणूस आणि अंगावर मूठभर मांस नाही. आता बघा कसा गुटगुटीत करते.

९ फेब्रुवारी

आज पाण्याच्या स्प्रेची बाटली सापडेना. केस ओले न करता कापू कशी? शोधत शोधत मागच्या बाल्कनीत गेले तर दादा झाकण काढून घटाघटा पितोय. म्हटलं, "दादा, अरे ते डोक्यावर मारायचं असतं!"

"मी आतून मारतोय, चिंगे."

मला हसू फुटलं, तोही हसला. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

पाणी मात्र फार पितो. सकाळी तांब्या, मग नळाला तोंड, मग पुन्हा तांब्या. आणि तेवढ्याच वेळा बाथरूम. यांनी कुरकुर केली तेव्हा म्हटलं, "पाणीच पितो ना, दारू तर नाही?" यावर यांचं तोंड बंद, कारण यांचे धाकटे बंधू. आणि पाण्याने कुणाचं काय वाईट होतंय? मी तर भिंतीवर पोस्टरच लावलंय, "भरपूर पाणी प्या, तेजस्वी दिसा." माझ्या बायकांपैकी एक ऐकेल तर शपथ.

१५ फेब्रुवारी

संध्याकाळी शेवटची बाई गेल्यावर दादाला काट्यावर चढवलं. साडेचोपन्न!!

डोळे चोळून पुन्हा पाहिलं. साडेचोपन्नच. गालही वर आलेत, पायांना भरीवपणा आलाय, बाळसंच म्हणायचं. तशीच उठून आक्काला फोन लावला. "काय खायला घालतेस गं एवढं?" म्हणाली. आवाजात जळका वास येत होता. म्हटलं, "साधंच. यांच्या ब्लडप्रेशरमुळे आमच्याकडे सगळं आळणी. पण प्रेमाने वाढलेलं अंगी लागतं." मला काय गोड वाटलं म्हणून सांगू.

२१ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहू की नको असं चाललंय. लिहिते.

बँकवाल्या बाई आयब्रो करायला आल्या होत्या. आमच्या बिल्डिंगमधलं सर्वात वजनदार गिऱ्हाईक. त्यांनी चांगलं म्हटलं की चार बायका येतात. मी थ्रेडिंग करत होते, म्हणजे दोऱ्याचं एक टोक दातात. तेवढ्यात दादा आला, सरळ शॅम्पूच्या बेसिनकडे गेला, नळ सोडला आणि ओंजळीने पीत सुटला. शर्ट भिजला, फरशी भिजली, थांबायचं नाव नाही. बाईंनी एक डोळा उघडून आरशात पाहिलं आणि विचारलं, "गडी ठेवलात वाटतं?"

दोरा दातात होता. मी "हूं" केलं.

दोरा दातात असला की बोलता येत नाही, हे खरंच आहे. कुणालाही विचारा. पण दोरा सोडता येतो, हेही खरंच आहे. बाई जाईपर्यंत मी दुसऱ्या भुवईकडेच बघत राहिले. भुवई नेहमीपेक्षा बारीक झाली.

दादाने ऐकलं नसावं. नळ चालू होता.

२७ फेब्रुवारी

दादाला सरकारी दवाखान्यात नेलं, नव्या डॉक्टरीणबाईंकडे. आईच्या वेळचे डॉक्टर बदलून गेले. तिथे काय गर्दी! एका खोलीत दोन टेबलं, दोन्हीकडे पेशंट, मध्ये पडदासुद्धा नाही. मी डोक्याला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल. हे म्हणाले होते, "दरोडा घालायला निघालीस का?"

आणि शेजारच्या टेबलाशी कोण बसलेलं असावं? बँकवाल्या बाई! हातात पिवळी फाइल. बँकेतल्या कुणाच्या तरी कामासाठी आल्या असतील. बाजूला एक तरुण पोरगा मान खाली घालून बसला होता, शिपाई असावा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि दोघींनी एकदमच भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. आता उद्या बिल्डिंगभर होणार.

डॉक्टरीणबाई एकेक विचारत होत्या. झोप? बरी. जेवण? बरं. वजन? मी ताठ होऊन सांगितलं, साडेतीन-चार किलो वाढलं. त्यांनी मान वर केली. "एवढ्यात? पाणी किती पितात?"

बँकवाल्या बाई हातभर अंतरावर. आता काय सांगू, की माझा भाऊ नळाला तोंड लावतो, बेसिनमधलं पितो, स्प्रेची बाटलीही सोडत नाही?

"नॉर्मल," मी म्हटलं.

"नक्की?"

"हो हो. आपण पितो तसंच."

दादा माझ्याकडे बघत होता. तो कधीच मला खोटं पाडत नाही.

५ मार्च

काटा बिघडला! सकाळी फिरायला जाण्याआधी यांनी स्वतःचं वजन केलं आणि गंमत म्हणून दादालाही उभं केलं. एक्कावन्न. मी म्हटलं शक्यच नाही. सेल बदलले. संध्याकाळी पुन्हा केलं, तर पंचावन्न. एका दिवसात चार किलो? चीनचा माल, दुसरं काय. मी ठरवलंय की संध्याकाळचंच धरायचं. दिवसभराचं खाणंपिणं अंगात असतं तेव्हा माणूस खरा, सकाळी तर सगळेच सुकलेले असतात.

आक्काला पंचावन्न सांगितलं.

९ मार्च

आज मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालंय.

पाण्याची टाकी दुपारीच रिकामी होते म्हणून हे तीन दिवस भुणभुणत होते. शेवटी मी सकाळी बाथरूमचा आणि स्वयंपाकघराचा कॉक बंद केला, बेसिनचाही. पाणी लागेल तेव्हा मी उघडणार. दादाने दोनदा मागितलं, दिलं. तिसऱ्यांदा म्हटलं, थोडा थांब, गिऱ्हाईक आहे.

गिऱ्हाईक म्हणजे लग्न ठरलेली मुलगी, तिची आई आणि एक मावशी. मावशी म्हणजे बोलता वर्तमानपत्र. मुलीचे पाय टबात भिजत होते, साबण, मीठ, सगळं घातलेलं. तिने पाय बाहेर काढले, मी टॉवेल घ्यायला वळले. आणि मागे किंकाळी. वळून बघते तर दादा गुडघ्यावर बसून टबातलं पाणी मग्ग्याने पितोय. पायांचं पाणी. त्याचे डोळे मिटलेले, लहान मूल दूध पितं तसे.

मी मग्गा हिसकावला, त्याच्या हातावर फटका मारला. मोठ्या भावाच्या हातावर. मावशी ओरडत होती, "कोण हा? असली माणसं ठेवता घरात?" आणि माझ्या तोंडून निघालं. आज दोरा नव्हता दातात, काही नव्हतं. मी म्हटलं, "अहो कामाला ठेवलाय हो, डोक्याने जरा कमी आहे. उद्याच काढून टाकते."

दादा उठला. फडकं आणलं. सगळी फरशी पुसली, टब उचलून नेला, रिकामा केला, धुऊन उलटा ठेवला. बायका गेल्यावर मी कॉक उघडून बाथरूममध्ये रडत बसले, पाण्याचा आवाज मोठा करून.

१० मार्च

सकाळी बाजारात जाऊन झाकणाचा मोठा जग आणला आणि दादाच्या खोलीत, आईच्या फोटोखाली ठेवला. म्हटलं, "हा तुझा. पोटभर पी. कुणी काही बोलणार नाही. संपला की मी भरून देईन." सगळे कॉक उघडले. यांना सांगितलं, टाकी रिकामी होऊ दे नाहीतर समुद्र, माझ्या भावाला माझ्या घरात पाण्यासाठी हात पसरावा लागणार नाही.

मनाला जरा बरं वाटलं.

१३ मार्च

दादा शहाणा झालाय एकदम. मी उठायच्या आधी पार्लर झाडून काढतो. टॉवेलच्या अशा घड्या घालतो की दुकानात ठेवाव्यात. कालपासून जेवायला टेबलाशी बसत नाही, ताट घेऊन ओट्याजवळच्या स्टुलावर बसतो; म्हणतो, इथे बरं आहे. मला बायकांसारखं "मॅडम" म्हणतो. फटका खाऊनही चेष्टा करतो म्हणजे राग गेला म्हणायचा. मी पण त्याला "काय साहेब" म्हणते.

दिवसभरात जग पाचदा भरला. संध्याकाळी छप्पन्न.

१४ मार्च

दुपारचं लिहितेय, वेळ आहे. बायका नाहीत.

दादाला बरं नाही. सकाळपासून डोकं दुखतंय, दोनदा उलटी झाली, चालताना भिंत धरतो. बोलणंही जरा अडखळतंय. ऊन लागलं असणार, बाल्कनीत टॉवेल वाळत घालत होता. उलट्यांनी अंगातलं पाणी जातं, म्हणून जग भरून घेऊन बसले त्याच्याजवळ. कमालच आहे, एरवी नळ सोडत नाही आणि आज पाणी नको म्हणतो! "बस झालं, मॅडम, आता जात नाही." मी म्हटलं, "नाटकं नकोत, पी म्हणते ना!" ओरडलेच. मग मुकाट्याने प्यायला. दोन पेले. मग आणखी एक.

आता झोपलाय. चार वाजता उठवून पुन्हा पाजीन.

१६ मार्च

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. अक्षर लागणार नाही. न लागलेलंच बरं.

परवा चारला उठवायला गेले तर उठेना. मग हात वाकडे झाले, दात बसले, सगळं अंग झटके द्यायला लागलं. तोंडाला फेस. मी किंचाळले, हे धावत आले, खालच्या दुकानदाराने गाडी काढली. मी वाटेत काय करत होते? पाण्याची बाटली घेऊन त्याच्या ओठांना लावत होते. यांनी ती ओढून घेतली म्हणून बरं, गुदमरला असता.

तातडीच्या विभागात एक पोरगेलासा डॉक्टर. "काय घेतलंय यांनी? गोळ्या जास्त? फिनाईल, काही?"

"काही नाही. पाणीच."

"किती?"

बाकांवर माणसंच माणसं होती. सगळे बघत होते. आणि मी तिथे उभी राहून सांगितलं. जग, तांब्या, बेसिन, स्प्रे, टब. सगळं. तो लिहीत होता आणि मी थांबत नव्हते. "आणि आज?" त्याने विचारलं.

"आज त्याला नको होतं. आज मी पाजलं."

त्याने पेन थांबवलं. काही बोलला नाही, आत पळत गेला. बोलला असता तर बरं झालं असतं.

मग बाहेर येऊन त्याने समजावून सांगितलं. माणूस लघवीवाटे काढू शकतो त्याहून जास्त पाणी पोटात गेलं की रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि मग मेंदूला सूज येते. मी विचारलं, "म्हणजे पाण्याने माणूस मरतो?" तो म्हणाला, "मरतो." मीठ शिरेतून देताहेत, पण थेंबथेंब, कारण एकदम वाढवलं तरी मेंदूला इजा होते.

त्याच संध्याकाळी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई आल्या. वजनाचं विचारलं. मी सांगितलं, सकाळी एक्कावन्न, संध्याकाळी पंचावन्न-छप्पन्न, काटा बिघडलाय. त्या म्हणाल्या, "काटा नाही हो बिघडला. मधले चार-पाच किलो म्हणजे पाणी."

बाळसं. मी बाळसं म्हणत होते त्याला. आक्काला फोन करून करून सांगत होते.

त्या म्हणाल्या, "तुम्ही मला नॉर्मल सांगितलंत." रागाने नाही, नुसतं म्हणाल्या. मी माझ्या चपलांकडे बघत राहिले. चपला वेगवेगळ्या जोडांतल्या होत्या, एक माझी, एक यांची.

१९ मार्च

दादा बोलायला लागला. पहिल्यांदा म्हणाला, "टॉवेल आत घेतले का?" मी हसले आणि रडले.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याजवळ बसून विचारलं, पाणी का प्यावंसं वाटतं? त्याने शांतपणे सांगितलं. तब्येत बरी होती तेव्हा तो फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये कामाला होता. फोटो कागदावर उमटला की वाहत्या पाण्यात पुष्कळ वेळ धुवावा लागतो. पुरता धुतला नाही तर औषध आत राहतं आणि काही वर्षांनी चेहरा पिवळा पडून जातो. "आईचा माझ्या आत आहे," म्हणाला. "ते सांगतात, अजून औषध राहिलंय, अजून धू. थांबलो तर ती जाईल."

'ते' म्हणजे त्याला ऐकू येणारे आवाज. इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं की ते काय सांगतात. मला वाटायचं, विचारलं की ते खरे होतील.

बाई बाहेर येऊन म्हणाल्या, या आजारात काही जणांची तहान अशी सुटते. गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते ती वेगळीच. त्यात हट्ट नाही, खोड नाही. गोळी बदलून बघू.

२४ मार्च

आक्का आली. दादाचा हात धरून बराच वेळ बसली, मग मला जिन्याजवळ नेलं. मला वाटलं, आता तोफ. पण ती ओरडली नाही. म्हणाली, "मला का नाही सांगितलंस गं?" मी म्हटलं, "तुला काय सांगू, हरले म्हणून?" आणि मीच पुढे बोलले, "घेऊन जा त्याला. मी लायक नाही." हे मी मनापासून बोलले. बारा दिवसांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर झिंज्या उपटल्या असत्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संस्था वाईट नाही, घरही वाईट नाही. जिथे कुणी सकाळ-संध्याकाळ वजन करेल, पाणी मापून देईल आणि खरं सांगेल, तिथे ठेवा. खरं सांगेल म्हणताना माझ्याकडे पाहिलं नाही. एवढी दया केली.

आक्काने दादालाच विचारलं, कुठे राहायचं? तो विचार करून म्हणाला, "मॅडमकडे काटा आहे. आणि टॉवेल साचले असतील."

आक्काने डोळे पुसत म्हटलं, "मॅडम काय रे, गधड्या?" मी म्हटलं, ती आमची चेष्टा चालते. आक्का म्हणाली, "उन्हाळा संपेपर्यंत म्हटलं होतं ना, तेवढं बघू."

६ एप्रिल

घरी येऊन आठवडा झाला. सोपं नाही, उगाच कशाला लिहू सोपं आहे म्हणून.

सकाळी उठल्या उठल्या वजन. संध्याकाळी पुन्हा. सकाळपेक्षा अडीच किलोच्या वर गेलं तर पाणी बंद आणि थेट हॉस्पिटल. ठरलेल्या वेळी ठरलेला छोटा पेला. मधे तहान लागली तर बर्फाचा खडा चघळायचा. त्याच्या ताटात नेहमीसारखं मीठ. आळणी आता फक्त यांना, आणि हे म्हणतात की त्यांच्यावर अन्याय झाला. हे पण बदललेत जरा. दादा नळाकडे निघाला की त्याला हाक मारून पत्त्यांचा डाव मांडतात. मुद्दाम हरत नाहीत, खरंच हरतात.

काल मात्र दुपारी तो बाथरूमच्या दाराला धरून उभा राहिला. "एकच घोट. आई पिवळी पडतेय." मी म्हटलं नाही. त्याने हात जोडले. मोठा भाऊ माझ्यासमोर हात जोडून उभा आणि मी नाही म्हणत होते. शेवटी दोघं दाराबाहेर जमिनीवर बसलो. आईचा फोटो मांडीवर घेतला. म्हटलं, हा तूच धुतलास, बघ, किती वर्षं झाली, कुठे पिवळा पडलाय? त्याने कोपरान् कोपरा उजेडात धरून तपासला. "चांगला धुतलाय," म्हणाला. पेल्याची वेळ होईपर्यंत मीही प्यायले नाही. घसा सुकून गेला. दोन तासांत माझी ही गत, त्याला दिवसभर कसं होत असेल?

भिंतीवरचं पोस्टर काढून टाकलं. तिथे रंगाचा चौकोन उठून दिसतो.

१२ एप्रिल

संध्याकाळ. हे सगळं झाल्या झाल्या लिहितेय.

बँकवाल्या बाई आल्या होत्या, फार दिवसांनी. खुर्चीत बसल्या, दवाखान्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. फक्त त्यांनी हळूच विचारलं, "तोंडाला कोरड पडते त्यावर ते बर्फ देतात ना, त्याने फरक पडतो का हो?" मी म्हटलं, पडतो थोडा. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. मी दोरा दातात घेतला. तेव्हा कुठे मला तो मान खाली घातलेला पोरगा आठवला. त्याची हनुवटी हुबेहूब या बाईंचीच होती. आणि मी शिपाई समजले!

तेवढ्यात दार ढकलून ती मावशी आली. नवरीच्या बांगड्यांचं काहीतरी विचारायला म्हणून, पण नजर सगळीकडे. दादा कोपऱ्यात टॉवेलच्या घड्या घालत होता. मावशी म्हणाली, "अगंबाई! हा अजून इथेच? काढून टाकणार होतात ना याला?"

दोरा दातात, एक भुवई अर्धी. मी सोडणार तेवढ्यात दादा उठून उभा राहिला. दोन्ही हात बाजूला, सरळ. घाबरला होता.

"नाही काकू," म्हणाला, "मॅडमनी ठेवून घेतलंय मला. आता मी पाणी मापून पितो. काम पण नीट करतो. विचारा त्यांना."

चेष्टा नव्हती ती. एकही दिवस चेष्टा नव्हती.

दोरा कधी सुटला कळलं नाही. मी म्हटलं, "हा माझा भाऊ आहे. सख्खा, मोठा भाऊ. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले, कारण मला त्याची लाज वाटली. आता मला माझी वाटते." आवाज मोठा निघाला, शेजारी ऐकू गेला असणार. मावशी "बरं बरं, येते मी" करत गेली. बांगड्यांचं राहिलंच. आता बिल्डिंगभर होईल. होऊ दे.

बँकवाल्या बाई तशाच बसून होत्या, अर्ध्या भुवईने. आरशात माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "होऊ द्या सावकाश. मला घाई नाही." त्यांची भुवई पूर्ण करताना माझी दोनदा चूक झाली. त्यांनी पैसे दिले आणि जाताना दादाला "येते हं, भाऊ" म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी दादासमोर बसले. तो घडी घालत राहिला. मग खाली बघूनच त्याने विचारलं, "म्हणजे मला काढणार नाहीस?"

म्हटलं, "बहीण भावाला काढते का रे?"

"तू म्हणालीस ना, उद्याच काढून टाकते. मग मी म्हटलं, काम चांगलं केलं तर राहता येईल. तू सांगशील ते सगळं करायचं."

सगळं. झाडणं, टॉवेल, स्टुलावर जेवणं. आणि चौदा तारखेला त्याला नको असताना, अंगात मावत नसताना, मी ओरडले आणि तो मुकाट्याने तीन पेले प्यायला, ते का, हे मला आज कळलं. नोकरी टिकवत होता तो. माझ्याकडची.

मी त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. त्याने टॉवेलची घडी मोडली आणि माझ्या डोक्यावर टॉवेल ठेवला, गिऱ्हाइकाच्या ओल्या केसांवर ठेवतात तसा.

मग त्याने मला हलवलं. घड्याळ दाखवलं. वजनाची वेळ टळून गेली होती.

तो काट्यावर चढला आणि समोरच्या भिंतीकडे बघत ताठ उभा राहिला.

"चिंगे," म्हणाला, "किती आहे बघ. आणि खरं सांग."

साडेबावन्न. खरं सांगितलं.